घरात नवीन काहीच घेतलं नाही, तरी लाईट बिल दुप्पट. मीटर कशावर पळतंय हे कसं शोधायचं? (कोल्हापूर)

राजारामपुरी_नववी_गल्ली विचारतात:

नमस्कार मंडळी. तळमजल्यावर आम्ही चौघं, वरच्या मजल्यावर भाडेकरू. दोन्ही मीटर सिंगल फेज, वेगवेगळे, जिन्याखाली शेजारी-शेजारी.

बिलावरचे युनिट: नोव्हेंबर १६८, डिसेंबर १७४, जानेवारी १८१, फेब्रुवारी २९६, मार्च ३०४. मागच्या वर्षी फेब्रुवारीत १८८ आणि मार्चमध्ये २०३ होते, म्हणजे पंख्यांचा हंगाम धरला तरी शंभरेक युनिट जास्त आहेत. जानेवारीच्या शेवटी जुना मीटर काढून नवीन बसवलाय.

घरात २४० लिटरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज (बारा वर्षं जुना), १५ लिटरचा २ किलोवॉटचा गिझर, खालच्या टाकीतून वर पाणी चढवायला १ एचपीची मोटर, इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी, वॉशिंग मशीन, टीव्ही, चार पंखे. एसी नाही. नवीन मीटरवर लाल लाइट लुकलुकतो, त्याशेजारी "ई/एल" लिहिलेला दुसरा लाइट सतत चालू असतो.

सगळे म्हणतात नवीन मीटरच फास्ट आहे. तपासणीचा अर्ज द्यायच्या आधी घरात काय-काय बघून घ्यावं?

---

बिलवाचक

आधी बिल, मग वायरिंग. मीटर बदललेल्या महिन्याच्या बिलात दोन हिशेब एकत्र असतात: जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग वजा त्याआधीचं रीडिंग, अधिक नवीन मीटरचं आताचं रीडिंग वजा बसवतानाचं सुरुवातीचं रीडिंग. नवीन मीटर शून्यापासूनच सुरू होतो असं नाही, टेस्टिंगमध्ये फिरलेले काही युनिट त्यावर असतात. मीटर बदलीच्या अहवालावर दोन्ही आकडे लिहिलेले असतात, ते बिलाशी ताडून बघा. चूक असली तर ती पहिल्या बिलातच दिसते. तुमच्याकडे मार्चमध्येही ३०४ आलेत, म्हणजे नुसती आकड्यांची गडबड वाटत नाही. तरी बघून टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

त्याच बिलावर गुणक अवयव (रीडिंगच्या फरकाला ज्याने गुणतात तो आकडा) १ आहे ना, रीडिंग किती दिवसांचं आहे आणि मीटरची स्थिती काय लिहिली आहे हेही वाचा. घर बंद होतं म्हणून सरासरीवर बिल आलं असेल, तर पुढच्या महिन्यात खरं रीडिंग आलं की एकदम बोजा पडतो. दोन महिन्यांचं रीडिंग एकत्र आलं तर स्लॅबही दोन महिन्यांचे मिळायला हवेत. ते मिळाले नसतील तर दुरुस्ती मागायचा हक्क आहे.

स्लॅबबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, "३०० च्या वर गेलं की सगळेच युनिट महाग पडतात". तसं नाही. १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे आहेत आणि ज्या टप्प्यात जेवढे युनिट पडतात तेवढ्यांनाच तो दर लागतो. मात्र दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्या शंभराच्या दुपटीहून जास्त आहे. तुमचे वाढलेले शंभर-सव्वाशे युनिट जवळजवळ सगळेच त्या महाग टप्प्यात पडलेत. १७५ चे २९६ म्हणजे युनिट १.७ पट, पण वीज आकार जवळपास दुप्पट. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून रुपयांवर भांडू नका, युनिटवर बोला. आणि एप्रिल-मेमध्ये येणारं सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल या हिशेबात धरू नका, ते वापराचं नसतं.

---

अर्थिंग_आधी

मीटर फास्ट आहे हे शेवटी म्हणायचं, सुरुवातीला नाही. इलेक्ट्रॉनिक मीटर बिघडतात, पण बिघडला की बहुतेक वेळा डिस्प्ले जातो किंवा मोजणीच बंद पडते. दीडपट मोजणारा मीटर दुर्मीळ.

तो लुकलुकणारा लाइट म्हणजे तुमच्या हातातलं फुकटचं वॉटमीटर आहे. मीटरच्या तोंडावर "३२०० इम्प/केडब्ल्यूएच" असं काहीतरी छापलेलं असेल. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्याने भागा, त्या क्षणाचे वॉट मिळतात. पाच सेकंदांनी एकदा असेल तर २२५ वॉट. मीटर १६०० चा असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या. एकाच लुकलुकीवर विसंबू नका, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दहा-वीस मोजा.

पहिलं काम आज रात्री. झोपायच्या आधी ११ वाजता रीडिंग दशांशासकट लिहून ठेवा, पहाटे ५ ला पुन्हा घ्या, गिझर लावायच्या आधी. त्या सहा तासांत काय-काय चालू होतं त्याची यादी करा. साधा पंखा ७५ वॉट, फ्रिज थांबत-थांबत चालतो म्हणून सरासरी ६०-७० वॉट, राउटर ८-१० वॉट. या बेरजेपेक्षा मीटर जास्त दाखवत असेल तर तो फरक चोवीस तास चालू आहे असं धरून चाला. ५० वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला ३६ युनिट. दिवसातून अर्धा तास चालणाऱ्या मोठ्या वस्तूवर सगळ्यांचा संशय जातो, पण बिल वाढवते ती कधीच न थांबणारी छोटी वस्तू.

दुसरं काम दिवसा. इन्व्हर्टर आधी पूर्ण बंद करा, त्याचा पुढचा स्विचही आणि भिंतीवरचा प्लगही. नाहीतर लाइन बंद केली की घर बॅटरीवर चालत राहील आणि आपण भलताच निष्कर्ष काढू. मग डीबीमधल्या (मेन स्विचच्या पुढच्या वाटणीच्या डब्यातल्या) सगळ्या छोट्या एमसीबी (आपोआप पडणारे सेफ्टी स्विच) एकेक करून खाली पाडा आणि मीटर बघा. शेवटची पडल्यावर लाइट लुकलुकायचा थांबायला हवा. थांबला नाही तर मेन स्विच, म्हणजे दोन खांबांचा डीपी, बंद करा. तरीही लुकलुकला तर गडबड मीटरमध्ये किंवा मीटर ते मेन स्विच या तुकड्यात आहे, आणि तिथे कुणी वायर जोडली आहे का ते नुसतं डोळ्यांनी बघा. मीटरचं सील, कटआउट यांना हात लावायचा नाही.

एमसीबी पडल्यावर आणि डीपी पडल्यावर, या दोन्ही वेळचे सेकंद वेगवेगळे लिहून इथे टाका. तो ई/एल लाइट सतत चालू आहे म्हणता, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा आहे.

---

उद्यमनगर_मोटरवाले

मोटरीचं मी सांगतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट हे बाहेर मिळणारं काम, लाइनमधून ती १२०० वॉटच्या आसपास ओढते. तासाला साधारण सव्वा युनिट धरा. दोन मजल्यांवर १००० लिटरची टाकी भरायला चांगल्या मोटरीला अर्धा-पाऊण तास लागतो. आधी पाऊण तासात भरायची आणि आता दीड तास लागायलाय, तर मोटर तीच वीज खाऊन अर्धंच पाणी देतीय.

त्यात बघायचं असं: फूटव्हॉल्व्ह (खालच्या टाकीतल्या पाइपच्या टोकाची झडप) गळतोय का? मोटर बंद केल्यावर तासाभराने चालू केली आणि पाणी यायला वेळ लागला, प्रायमिंग करावं (मोटरीत वरून पाणी ओतावं) लागलं, तर फूटव्हॉल्व्ह गेलाय. सक्शनच्या बाजूला जॉइंट हवा ओढत असेल तर डिलिव्हरीला पाणी फुसफुसत, बुडबुड्यांसकट येतं. हे दोन्ही नसतील तर इंपेलर (आतलं पाणी ढकलणारं चाक) झिजलाय. आणि चालू होताना मोटर गुणगुणते, वेग घ्यायला वेळ लावते, तर कपॅसिटर उतरलाय. नेमप्लेटवर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच घाला, "हा पण चालतोय" म्हणून मोठा घालू नका, वाइंडिंग तापतंय.

बऱ्याच घरांत मोटर ठणठणीत असते आन् पाणीच वाया जात असतं. फ्लशच्या टाकीतला वॉशर गेला की आत पाण्याची बारीक धार चोवीस तास चालू, आवाज येत नाही म्हणून कळत नाही. रात्री वरच्या टाकीची पातळी खडूने मारून ठेवा, सकाळी बघा. प्रेशर पंप असेल तर हा प्रकार आणखी वाईट, दर दहा मिनिटांनी उठतोय आन् झोपतोय.

पण खरं सांगायचं तर महिन्याला १०० युनिट मोटरीवर घालवायचे म्हणजे रोज जादाचे पावणेतीन तास चालायला पाहिजे. एवढी चालली तर शेजारी येऊन सांगतील. तुमचं दुखणं दुसरीकडं आहे.

---

राजारामपुरी_नववी_गल्ली

मोजलं ते असं.

बदली अहवाल आणि बिल जुळतात. गुणक अवयव १, दिवस ३१, स्थिती नॉर्मल.

रात्री ११ ते पहाटे ५: २.८ युनिट. चालू होतं: तीन पंखे, फ्रिज, राउटर, इन्व्हर्टर लाइनवर.

मीटर ३२०० चा आहे. इन्व्हर्टर बंद, सगळ्या एमसीबी खाली: दर १२ सेकंदांनी एक लुकलुक. ई/एल चालू. डीपी बंद केल्यावर: पाच मिनिटांत एकदाही नाही, ई/एलही विझला.

म्हणजे सगळं बंद असताना ९४ वॉट? कुठे जातायत?

---

अर्थिंग_आधी

आता खरी गंमत आहे. छोटी एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी वायर) तोडते, न्यूट्रल (परतीची वायर) तशीच मीटरपर्यंत जोडलेली राहते. डीपी दोन्ही तोडतो. एमसीबी पाडून थांबत नाही आणि डीपी पाडून थांबतं, म्हणजे तो करंट न्यूट्रलच्या वायरमधून वाहतोय.

फेज तुटलेली असताना मीटर मोजतो कसा? हल्लीचे सिंगल फेज मीटर फेजचा आणि न्यूट्रलचा करंट वेगवेगळा मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट लावतात. न्यूट्रल सोडून अर्थिंगवर लोड चालवायची चोरी पकडण्यासाठी ही सोय आहे. दोन्ही करंट सारखे नसले की ई/एल लाइट लागतो. जुन्या प्रकारचा मीटर फक्त फेज मोजायचा. त्यामुळे दोष वायरिंगमध्ये कित्येक वर्षांपासून असेल, बिलात तो आत्ता उमटला. मीटर फास्ट नाही, जुना आंधळा होता.

न्यूट्रलमध्ये परका करंट येण्याच्या दोन वाटा.

एक, घरात कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग चिकटलेत. रस्त्यावरच्या न्यूट्रलवर जमिनीच्या तुलनेत काही व्होल्ट असतातच. त्यामुळे करंट तुमच्या न्यूट्रलमधून घरात येऊन तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरतो. प्लगच्या बॉक्समध्ये चेपलेली वायर, ओल धरलेली पाइप, किंवा वायरमनने न्यूट्रल तुटली म्हणून अर्थिंगशी मारलेली गाठ. पावसाळ्यात भिंती भिजल्यावर हे वाढतं.

दुसरी, तुमची आणि वरच्यांची न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडलेली आहे. मग वरच्यांचा परतीचा करंट दोन वाटांनी जातो, थोडा त्यांच्या मीटरमधून, थोडा तुमच्या. त्यांचा मीटर त्यांच्या फेजवर बरोबर मोजतो, त्यांचं बिल जसंच्या तसं. तुमचा मीटर मात्र तोच करंट पुन्हा मोजतो. वरच्यांनी काही चोरलेलं नाही, हे आधी लक्षात घ्या, उगाच जिन्यात भांडण नको. आपल्याकडे शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत भावाभावांत घर वाटलं की मीटर दोन होतात, वायरिंग मात्र एकच राहतं. भाडेकरूसाठी नंतर वेगळा मीटर घेतलेल्या घरांतही तसंच.

दोन्हींतलं कुठलं हे दोन मिनिटांत कळतं. तुमच्या सगळ्या एमसीबी खाली, डीपी चालू. मीटरसमोर उभे राहा आणि वरच्यांना १००० वॉटची इस्त्री लावायला सांगा. तुमचा लाइट १२ सेकंदांवरून एकदम दोनेक सेकंदांवर आला तर न्यूट्रल एकत्र आहे. काहीच फरक पडला नाही तर अर्थिंगकडे जा.

क्लॅम्प मीटर (वायर न तोडता जबड्यात धरून करंट मोजणारं यंत्र) असलेला वायरिंगवाला बोलवलात तर त्याला तीन आकडे मागा: मेनच्या पुढे फक्त फेजवर, फक्त न्यूट्रलवर, आणि दोन्ही वायरी एकाच वेळी जबड्यात घेऊन. निरोगी घरात तिसरा आकडा शून्याजवळ हवा, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. जो उरतो तो बाहेर गळणारा किंवा बाहेरून येणारा.

---

थर्मोस्टॅट

अर्थिंग_आधी यांनी धागा बरोबर पकडलाय, पण रात्रीचा हिशेब पूर्ण होत नाही. तीन पंखे सहा तास १.३५, फ्रिज ०.४, राउटर आणि टीव्हीचा बॉक्स ०.१, इन्व्हर्टर नुसता लाइनवर आहे म्हणून ०.१ धरू. बेरीज १.९५. मीटर म्हणतो २.८. जास्तीचे ०.८५ युनिट सहा तासांत, म्हणजे १४० वॉट. त्यातले ९४ न्यूट्रलचे. उरलेले पन्नासेक कुठले?

माझा संशय इन्व्हर्टरवर. बॅटरी म्हातारी झाली की पूर्ण भरतच नाही आणि चार्जर तिला दिवसरात्र करंट ढकलत राहतो. तो बॅटरीत साठत नाही, पाणी उकळवण्यात जातो. ओळखायची खूण सोपी: लाइट गेलेली नसतानाही बॅटरीच्या अंगाला हात लावला तर कोमट लागते, झाकणाजवळ कान नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते, आणि डिस्टिल्ड वॉटर महिन्याभरात खाली जातं. चांगल्या बॅटरीला ते तीन-चार महिन्यांनी लागतं. मोजायचं तर फक्त इन्व्हर्टरचा प्लग चालू-बंद करून मीटरच्या लुकलुकीतला फरक घ्या. मात्र लाइट जाऊन आल्यावर लगेच नाही, दहा-बारा तासांनी. त्याच्या आउटपुटवरचे दिवे-पंखे बंद ठेवा, नाहीतर त्यांचे वॉट इन्व्हर्टरच्या नावावर लागतील. दहा-पंधरा वॉटच्या वर जात असेल तर सेलमधल्या अ‍ॅसिडची घनता हायड्रोमीटरने बघून घ्या. पूर्ण भरलेल्या सेलला १.२४ च्या आसपास किंवा वर यायला हवी. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर बॅटरी संपली.

फ्रिज बारा वर्षांचा आहे, तोही ऐकून घ्या. दाराच्या रबरात दहा रुपयांची नोट अडकवून ओढा, चारही बाजूंनी. सहज सुटली तिथून थंडी जाते. कॉम्प्रेसर तासातून किती मिनिटं बंद राहतो ते बघा. कधीच थांबत नसेल तर एकटा फ्रिज दिवसाला अडीच-तीन युनिट खातो. फ्रॉस्ट-फ्री मॉडेलमध्ये बर्फ वितळवायचा हीटर असतो, दीडशे वॉटच्या आसपासचा. त्याचा टायमर किंवा सेन्सर अडकला की हीटर गरम करतो, कॉम्प्रेसर गार करतो, आणि दोघांची कुस्ती मीटर मोजतो. फ्रीझरमध्ये आइस्क्रीम मऊ पडतंय आणि मागची भिंत गरम, असं असेल तर हेच. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्याला ३६५ ने भागून तुमच्या मोजणीशी ताडा.

गिझरबद्दल लोक म्हणतात कॉइलवर क्षार चढला की बिल वाढतं. हे जवळजवळ चूक आहे. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, फक्त वेळ थोडा जास्त लागतो. बोअरच्या जड पाण्याने बसणाऱ्या थराचा खरा तोटा वेगळा: कॉइल आतून जास्त तापते, तिची नळी तडकते, पाणी आत शिरतं आणि करंट थेट अर्थिंगला गळायला लागतो. एक अँपिअर गळती म्हणजे २३० वॉट, दिवसाला साडेपाच युनिट. स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असेल तर गिझर "बंद" असतानाही गळती चालूच, कारण कॉइलपर्यंत फेज पोचलेलाच असतो. म्हणून गिझरचा १६ अँपिअरचा प्लग एकदा उपटून मीटर बघा, नुसता स्विच बंद करून नाही. प्लगच्या दोन पिना एकत्र करून अर्थच्या पिनेशी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोजलं आणि १ मेगाओमच्या खाली आलं तर कॉइल बदला. याला टेस्टर पुरत नाही.

बाकी गिझर जे खातो ते न्याय्य आहे. २२ अंशांचं २० लिटर पाणी ४२ अंशांवर न्यायला ०.४७ युनिट लागतो, कुठल्याही कंपनीचा गिझर असो. चौघांच्या चार बादल्या म्हणजे महिन्याला ५५ युनिट. त्यात वाचवायचं तर बादली लहान करा.

---

राजारामपुरी_नववी_गल्ली

इस्त्रीची चाचणी: वरच्यांनी लावल्याबरोबर १२ सेकंदांवरून २ सेकंदांवर आला, काढली की परत १२.

क्लॅम्प (एमसीबी खाली, डीपी चालू): फेज ०.००, न्यूट्रल ०.४१ अँपिअर. इस्त्री लावल्यावर न्यूट्रल २.६.

गिझरचा प्लग उपटल्याने फरक नाही.

न्यूट्रलचा सांधा आता कुठे शोधायचा? भिंती फोडायला लागतील का?

---

अर्थिंग_आधी

फोडायचं काही नाही. पण आधी हे वाचा: सांधा शोधताना फक्त तुमचा मेन बंद करून भागत नाही. दोन्ही घरांचे मेन बंद आणि दोन्ही इन्व्हर्टर बंद. वरच्यांचा एखादा दिवा तुमच्या न्यूट्रलवर परत येत असेल, तर ती वायर बारमधून काढल्याक्षणी तिच्या टोकावर दिव्यातून आलेले २३० व्होल्ट उभे राहतात. न्यूट्रल आहे म्हणून हाताने धरली आणि झटका बसला, असे प्रकार इथेच होतात. परवानाधारक वायरिंगवाल्याकडूनच करून घ्या, आणि तो दोन्ही मेन पाडतोय का ते बघा.

डीबीत न्यूट्रलचा पितळी बार असतो, सगळ्या काळ्या वायरी तिथे स्क्रूने धरलेल्या. एकेक वायर सोडवायची, चिकटपट्टी लावून नंबर द्यायचा. सगळ्या सुट्या झाल्यावर मल्टिमीटर ओहमवर ठेवायचा, एक टोक वरच्यांच्या न्यूट्रल बारला लांब वायरने, दुसरं टोक तुमच्या एकेक वायरीला. जिथे एक-दोन ओहम दाखवेल ती गुन्हेगार. बाकीच्या उघड्या दाखवायला हव्यात. त्याच वेळी प्रत्येक वायर अर्थिंगशीही तपासून घ्या, वेगळा खर्च नाही.

पैज लावायची तर मी जिन्याच्या दिव्यावर लावेन. तो खालून आणि वरून दोन्हीकडून चालू-बंद व्हावा म्हणून टू-वे स्विच असतात. बरोबर पद्धत अशी की फेज एकाच मीटरची, न्यूट्रल त्याच मीटरची, आणि दोन स्विचांमध्ये फक्त दोन वायरी. होतं असं की पुढे वरच्या स्विचबोर्डात बेल किंवा एखादा प्लग जोडताना कारागिराला न्यूट्रल सापडत नाही, मग तो जिन्याच्या दिव्याची न्यूट्रल आणि वरच्या घराची न्यूट्रल तिथेच एकत्र पिळतो. दिवा लागतो, बेल वाजते. बोर्ड उघडलात तर तीन काळ्या वायरींचा एक पीळ दिसेल, त्यावर वेगळ्याच रंगाची टेप.

दुसऱ्या जागा: गच्चीवरचा दिवा, मोटरीचा वरून चालवायचा स्विच, आणि फाटकाची बेल.

पीळ सोडवल्यावर जिन्याचा दिवा पूर्णपणे एकाच मीटरवर घ्या. मग डीबीत ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा दोन खांबांचा आरसीसीबी (फेज आणि न्यूट्रलच्या करंटमध्ये फरक पडला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. आधी बसवला असता तर तो क्षणभरही टिकला नसता, आणि मग "सारखा पडतोय" म्हणून लोक तोच बायपास करतात. तो पडतो तेव्हा तुमच्याशी बोलत असतो.

---

राजारामपुरी_नववी_गल्ली

जिन्याचाच निघाला. वरच्या स्विचबोर्डात पीळ होता, तीन नाही, चार वायरी.

सोडवल्यानंतर: एमसीबी खाली असताना लुकलुक शून्य, ई/एल विझला. रात्रीचे सहा तास २.२ युनिट.

इन्व्हर्टरचा प्लग (आउटपुटवर काही नसताना): ५८ वॉटचा फरक. एका सेलची घनता १.१५, बाकीचे पाच १.२३ ते १.२५.

आरसीसीबी बसवला, पडत नाही. दोन महिन्यांच्या जास्तीच्या युनिटचे पैसे परत मागता येतात का?

---

थर्मोस्टॅट

५८ वॉट म्हणजे महिन्याला चाळीसेक युनिट, तेही महागड्या टप्प्यातले. सगळे सेल सारखेच उतरले असते तर एकदा समतोल चार्ज देऊन बघा म्हणालो असतो. एकच सेल असा पडलाय म्हणजे आत शॉर्ट आहे, पाणी घालून उपयोग नाही. नवीन बॅटरी येईपर्यंत इन्व्हर्टर रात्री लाइनवरून काढून ठेवलात तरी चालेल. नवीन आल्यावर चार्जिंगचा स्विच बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे ट्युब्युलरवर आहे ना ते बघा, बऱ्याच इन्व्हर्टरवर तो मागच्या बाजूला असतो आणि बसवणारा त्याला हात लावत नाही.

---

बिलवाचक

परताव्याची आशा ठेवू नका. मीटरच्या पुढचं वायरिंग ग्राहकाच्या जबाबदारीत येतं आणि मीटरने नियमाप्रमाणेच मोजलंय. अर्ज दिला असता तर मीटर तपासून "योग्य" असा शेरा आला असता आणि तपासणीचे पैसे गेले असते. वरच्यांशी काय हिशेब करायचा तो तुमच्या घरातला प्रश्न, पण त्यांचं बिल यात एका युनिटनेही कमी झालेलं नव्हतं हे विसरू नका.

पुढे कुणाला खरोखरच मीटरवर संशय असेल तर अर्जाआधी घरीच ढोबळ ताळा करता येतो. बाकी सगळं बंद, फक्त थंड पाण्याने भरलेला २ किलोवॉटचा गिझर चालू, आणि १०० लुकलुकी मोजा. ३२०० च्या मीटरला २३० व्होल्टवर ५६ सेकंद लागतात. संध्याकाळी व्होल्टेज २२० वर आलं तर ६१-६२. कॉइलच्या वॉटमध्येच पाच-दहा टक्क्यांचा फरक असतो, म्हणून यातून फक्त ढळढळीत चूक कळते. पण ३५-४० सेकंदांत शंभर झाल्या तर अर्ज जरूर द्या.

अर्ज उपविभाग कार्यालयात लेखी द्यायचा, पोच घ्यायची, सोबत तुमच्या मोजणीचे आकडे आणि मीटरचे तारीख-वेळ दिसणारे फोटो. वाद चालू असताना बिल अजिबात न भरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जोडणी तोडली जाते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्येच सोय आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरायची, मग वादाचा निकाल लागेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. उपविभागात दाद लागली नाही तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, कोल्हापूर परिमंडळाचा इथेच आहे.

---

उद्यमनगर_मोटरवाले

बिल उतरलं की इथं आकडा टाका. आन् फ्लशचा वॉशर बघितला का नाही अजून?